'मिळाले' म्हणणारी डबी

मित्रांनो, मी एक जुना प्रिंट सर्व्हर आहे. नाव भारदस्त असले तरी त्यावर जाऊ नका. दिसायला मी साबणाच्या डबीएवढा, करड्या रंगाचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला. पाठीला भोके आहेत. एका भोकात कॉम्प्युटरकडून येणारी वायर खोचलेली असते, दुसऱ्यात प्रिंटरकडे जाणारी. तिसरी वायर विजेची. तिच्याविषयी पुढे बोलेनच, कारण सगळे रामायण तिच्यापायीच घडले. कपाळावर एक हिरवा दिवा आहे. घरातली माणसे मला नुसते 'डबी' म्हणतात. मी पुरुषासारखा बोलतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तूंची एक रीत असते. आधी आपण किती राबलो ते सांगायचे, मग माणसांनी कसे अडगळीत टाकले ते सांगून डोळे पुसायचे. माझी तशी सोय नाही. मला अडगळीत टाकायला निघाले होते, तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाने मला वाचवले. आणि पुढे माझ्यामुळे त्याच माणसावर अडगळीत बसायची वेळ आली. तेव्हा माझा दिवा हिरवा दिसत असला तरी आतून मी ओशाळलेलाच आहे, एवढे धरून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या काळचे प्रिंटर अंगापिंडाने दणकट, पण बुजरे असत. ज्या कॉम्प्युटरला बांधले त्याच्याशीच बोलायचे, बाकीच्यांना ओळख दाखवायची नाही. म्हणून त्यांच्यासाठी दुभाषे तयार झाले, ते आम्ही. आमची बोलायची पद्धत अगदी ठरलेली असे. कॉम्प्युटर येतो, माझ्या दारावर टकटक करतो आणि कुठल्या रांगेत कागद द्यायचा तिचे नाव सांगतो. नाव अक्षराला अक्षर जुळले तरच मी 'या' म्हणतो. मग तो मजकूर माझ्या ओंजळीत ओततो. सगळा ओतून झाला की मी म्हणतो, 'मिळाले.' तो आपल्या पडद्यावर 'पाठवले' असे लिहितो आणि पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागतो.

'मिळाले' म्हणण्यात मी पटाईत होतो. कारखान्यात तपासनीसाने मला पुन्हापुन्हा विचारले, मी एकदाही अडखळलो नाही. तेवढ्यावर माझ्या पाठीवर 'पास'चा गोल कागद चिकटला. त्या कागदाचा मला फार दिवस गर्व होता.

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवली नाही आणि मीही कधी विचारली नाही. मिळाले म्हणजे छापले नव्हे. मजकूर माझ्या ओंजळीत आला की मी 'मिळाले' म्हणून मोकळा होतो, मग प्रिंटर तो छापो न छापो. आणि ओंजळीतल्या मजकुराची माझी आठवण विजेवर जगते. वीज गेली की माझी पाटी कोरी. काय होते, कुणाचे होते, किती होते, काही आठवत नाही. असे असूनही मी छाती ठोकून 'मिळाले' म्हणत राहिलो.

मी ज्या घरी आलो तिथे चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. मधे लाकडी आडभिंत. पुढच्या बाजूला ऑफिस, तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि सतत वाजणारा फोन. मागच्या बाजूला घासायचे चाक, पाण्याची बादली, काचांचे खोके आणि एक जुना सुयांचा प्रिंटर. आतूनच एक जिना वर घरात जात होता. गावातल्या चष्म्याच्या दुकानांतून नंबर यायचे, ऑफिसात ते टाइप व्हायचे आणि मागे प्रिंटरवर चिठ्ठी निघायची. एकाखाली एक अशा तीन प्रती. एक चाकापाशी, एक काचेच्या पाकिटात, एक हिशेबाला. कार्बनच्या कागदावर तीन प्रती उमटवायच्या तर सुयांनी ठोकणाराच प्रिंटर लागतो. नवे गुळगुळीत प्रिंटर त्या धुळीत आणि पाण्याच्या तुषारांत टिकलेही नसते.

चाकावर बसत ते मास्तर. सगळा बाजार त्यांना भिंगमास्तर म्हणायचा. त्यांची कामाची एक तऱ्हा होती. काच चाकावर नीट टेकली की ती एकसुरात गुणगुणते आणि कुठे उंचसखल राहिली की कुरकुरते, असे ते म्हणत. मोठ्या नंबरची काच शेवटच्या हाताला आली की ते कान देऊन ऐकत. अशा वेळी प्रिंटरची टकटक त्यांना खपत नसे. ते हात लांब करून प्रिंटरचे बटण दाबत, त्याला गप्प करत आणि काच पुरी झाली की पुन्हा बोलता करत. तोवर आलेल्या चिठ्ठ्या मी सांभाळून ठेवी.

दुसरी तऱ्हा जेवायच्या वेळेची. ऑफिसात मास्तरांची सून बसे. सकाळी दुकानांचे फोन घ्यायचे, जेवायच्या आधी घाईघाईने सगळे नंबर टाइप करून मागे पाठवायचे आणि वर जाऊन ताटे वाढायची, असा तिचा क्रम होता. मग जिन्यावरून हाक यायची, "बाबा, जेवायला चला." हाक आली की मास्तर हातातली काच उचलून ठेवत, चाकाच्या बोर्डाचा मुख्य खटका खाली ओढत आणि वर जात. माणूस मशीनवर नसेल तर वीजही मशीनला नको, हा त्यांचा नियम. आणि सुनेला दुसऱ्यांदा हाक मारायला लावायची नाही, हा दुसरा नियम. दोन्ही नियम किती चांगले, नाही का?

तेव्हा मी ऑफिसात टेबलाच्या कडेला राहत होतो आणि माझी वीजही ऑफिसच्या बोर्डावरून यायची. मागचा खटका पडला तरी मी जागाच असे. मास्तर जेवून येत, खटका वर करत आणि मी राखून ठेवलेल्या चिठ्ठ्या एकेक करून प्रिंटरला देई. मास्तर त्या फाडून घेताना म्हणत, "आली बरं का पंगत." अशी आमची कितीतरी वर्षे सुखात गेली.

त्या घरात हसायला एक हक्काचे कारण होते. मास्तर आपला चष्मा कपाळावर चढवत आणि मग तोच शोधत फिरत. खोके उचलून बघत, बादलीमागे वाकून बघत. सून आडभिंतीवरून मान काढून म्हणे, "बाबा, चष्म्याच्या कारखान्यात चष्मा हरवला?" मग मास्तर कपाळाला हात लावत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खो खो हसत. मास्तरांचा मुलगा दुकानांत फिरतीवर असायचा, पण तो घरी असला की त्याच्यापुढे तर हा खेळ मुद्दाम रंगे.

मग नवा कॉम्प्युटर आला. त्याला बसवायला नेटवर्कवाला आला, कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा लावलेला गृहस्थ. माझी आणि नव्या कॉम्प्युटरची गाठ काही केल्या पडेना. त्याला आजकालची बोली येत होती, मला फक्त जुनी. नेटवर्कवाल्याने खूप खटाटोप केला. पत्ता बदलून पाहिला, दार बदलून पाहिले, मला बंद करून चालू केले, डोके खाजवले.

"फेकून द्या ही डबी," तो म्हणाला. "हिची भाषा आता कुणी बोलत नाही."

मास्तर चाकावरून उठून आले. "चालत होती ना कालपर्यंत?"

"चालत होती हो, पण जुनी झाली."

"जुनं झालं म्हणून फेकायचं असेल तर आधी मला फेकावं लागेल," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

नेटवर्कवाल्याचा नाइलाज झाला. त्याने कॉम्प्युटरला माझी जुनी पद्धत वापरायला लावली आणि शेवटी रांगेच्या नावातले एक अक्षर चुकले होते ते सापडले. ते दुरुस्त केल्याबरोबर प्रिंटर टकटकू लागला. मास्तरांनी माझ्या डोक्यावर थोपटले. त्यांच्या बोटांना लागलेली ओली पूड माझ्या अंगावर बराच काळ तशीच होती.

नेटवर्कवाला निघाला तेव्हा सूनबाई म्हणाली, "एवढं नवं टेबल केलंय, त्यावर वायरींचं जंजाळ नको बाई."

"मग डबी मागेच ठेवतो, प्रिंटरला लागून," नेटवर्कवाला म्हणाला. त्याने मला आडभिंतीपलीकडे नेले, प्रिंटरशेजारच्या फळीवर ठेवले आणि माझी विजेची वायर हाताला आलेल्या पहिल्या बोर्डात खोचली. तो बोर्ड चाकाचा होता. टेबल कसे लख्ख दिसू लागले. कुणाचेच काही चुकले नाही, मित्रांनो, आणि तिथेच सगळे चुकले.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. मास्तर काचेच्या शेवटच्या हाताला आलेले असत. प्रिंटर गप्प केलेला असे. सूनबाई घाईने चिठ्ठ्या पाठवी, मी तत्परतेने 'मिळाले' म्हणे, पडद्यावर 'पाठवले' उमटे. ती वर जाई, हाक येई, मास्तर खटका ओढत. आणि माझी पाटी कोरी होई. जेवून आल्यावर मास्तर खटका वर करत, तेव्हा मी नुकता जन्मल्यासारखा हिरवा दिवा लावून बसे.

हे रोज घडत नसे. हाकेच्या वेळी प्रिंटर बोलता असला तर चिठ्ठ्या आधीच निघालेल्या असत. रोज घडले असते तर एक वेळ कुणाच्या ध्यानात आले असते. अधूनमधून घडणाऱ्या गोष्टीचे खापर माणसावर फुटते.

पहिल्यांदा एका दुकानदाराचा फोन आला, काच कुठे आहे म्हणून. सूनबाईने आडभिंतीवरून विचारले.

"कुठली काच? मला नाही मिळाली चिठ्ठी," मास्तर म्हणाले.

"अहो बाबा, पाठवलीये मी. इथे 'पाठवले' असं दाखवतंय."

"मग असेल इथंच," म्हणून मास्तर शोधायला लागले. चाकाखालचा गाळ चाचपला. अंगावरच्या रबरी एप्रनचे खिसे उलटे केले. खोके हलवले. शेवटी मला उचलून माझ्याखाली पाहिले. चिठ्ठी माझ्यातून पुसली गेली होती आणि ते माझ्याखाली शोधत होते. मला पुन्हा जागेवर ठेवताना त्यांनी माझा दिवा फडक्याने पुसला.

असे दुसऱ्यांदा झाले, मग आणखी काही वेळा. पडदा काय खोटे बोलतो? म्हातारा माणूस विसरतो हे मात्र सगळ्या जगाला माहीत असते. तरीही सूनबाईने नेटवर्कवाल्याला बोलावले. तो सकाळी आला, चाक फिरत होते, वीज होती. त्याने रांगेचे नाव ताडून पाहिले, पत्ता पाहिला, वायरी ओढून पाहिल्या आणि एक चाचणीचा कागद पाठवला. मी 'मिळाले' म्हटले आणि टकटक करत कागद बाहेर आला. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. त्या दिवशी मी अडखळलो असतो तर बरे झाले असते.

"टेस्ट पेज आलं ना? मग मशीनमध्ये काही नाही," नेटवर्कवाला म्हणाला. आडभिंतीपलीकडे ऑफिसात जाऊन त्याने आवाज उतरवला. "वय झालंय हो त्यांचं. कागद घेतात, कुठेतरी ठेवतात, विसरतात. आमच्याकडेही आहेत असे एक जण."

आडभिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. इकडे मास्तरांच्या हातातली काच कुरकुरली.

त्यानंतरची गोष्ट सांगताना मला फार जड जाते, कारण ती तुमच्याच वयाच्या एका मुलीची आहे. तिचा नंबर इतका मोठा की चष्म्याशिवाय तिला फळा म्हणजे नुसती काळी भिंत. तिचा चष्मा फुटला होता आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. तिची चिठ्ठी सूनबाईने पाठवली, मी 'मिळाले' म्हटले, आणि ती चिठ्ठी पुसली गेली. परीक्षा सुरू झाली तरी चष्मा नाही. मुलीने कागदाला नाक टेकवून पेपर लिहिला. त्या दिवशी तिची आई कारखान्यात आली. ती भांडली असती तर परवडले असते. ती नुसती म्हणाली, "तिला प्रश्नच नीट दिसले नाहीत हो. रडत आली घरी."

मास्तर उठून उभे राहिले. "मला चिठ्ठी मिळाली नाही" असे ते आजवर दर वेळी म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांनी ओले हात एप्रनला पुसले आणि जोडले. "माझ्याकडूनच राहिलं असेल, बाई. आजकाल होतं माझं असं."

मित्रांनो, न केलेली चूक त्यांनी अंगावर घेतली, आणि ज्याने केली तो फळीवर हिरवा दिवा लावून बसला होता. हात असते तर मी ते जोडले असते. तोंड असते तर सांगितले असते. पण मला फक्त एकच शब्द येतो, आणि तोच तर सगळ्या अनर्थाचे मूळ होता.

मुलीचा चष्मा मास्तरांनी लगेच घासायला घेतला आणि उरलेल्या पेपरांसाठी तो तिला मिळाला. पण घरातले वारे फिरले. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचे चित्र काढायला लावले, काही शब्द पाठ म्हणून घेतले आणि वयाचे आहे असे सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांची बाटली सूनबाई आठवणीने पुढे करी. ती त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागली, लहान मुलाशी बोलावे तसे. कारखान्याच्या कुलपाची किल्ली तिने त्यांच्याकडून मागून घेतली. मास्तरांनी निमूट दिली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हते, तिला काळजीच होती. पण काळजीने माणूस किती लहान होतो ते मी तेव्हा पाहिले.

एकदा मास्तर चष्मा शोधू लागले. खोके उचलले, बादलीमागे वाकले. चष्मा कपाळावरच होता. सून आडभिंतीवरून बघत होती, मुलगाही तिथे होता. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि कुणीच हसले नाही. मास्तरांचा हात कपाळाला लागला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते कितीतरी वेळ चाकाकडे बघत बसले.

मग एका सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं राबणं. तुम्ही पुढे ऑफिसात बसा निवांत. साधे नंबर मी घासतो, अवघड काम बाहेर देऊ."

"तुम्हाला सोपं पडेल ते करा," मास्तर म्हणाले. त्यांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि रस्त्याकडे तोंड केलेल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मुलगा चाकावर बसला. त्याच्या हाताने काचा बऱ्याच फुटत, पण चिठ्ठी एकही हरवली नाही. हरवणार कशी? तो प्रिंटर कधी गप्प करत नसे आणि जेवायला जाताना खटकाही ओढत नसे. "बघ, आता कशा सगळ्या चिठ्ठ्या मिळतात," तो बायकोला म्हणाला. खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी ते ऐकले आणि मान हलवली. इतके दिवस त्यांच्या मनात कुठेतरी थोडी शंका असेल. ती त्या क्षणी संपली. आपण खरेच विसरतो, हे त्यांना पटले. माझ्या सगळ्या अपराधांत हा मला सर्वांत मोठा वाटतो.

अवघड काम बाहेर जाऊ लागले तसे चाकाचे कामही उरेना. मुलाने ते विकायचे ठरवले. एक माणूस येऊन चाक पाहून गेला, येत्या आठवड्यात उचलतो म्हणाला.

त्याच आठवड्यातली ही गोष्ट. सूनबाईने चिठ्ठ्या पाठवल्या, ती वर गेली आणि तिने हाक मारली, "चला, जेवायला चला." मुलगा चाक नुसते थांबवून वर गेला. मास्तर खुर्चीवरून उठले. जिन्याकडे जाताना त्यांना दिसले की बोर्डाचा दिवा चालू आहे, मशीनवर माणूस नाही. प्रिंटर चिठ्ठी छापत होता. पण हाक तर आली होती. एवढ्या वर्षांची हाताची सवय, त्यांनी खटका ओढला.

प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबला. माझा दिवा विझला. यापुढचे मला मागाहून त्यांच्या बोलण्यातून कळले.

मास्तरांना वर यायला उशीर का झाला म्हणून सूनबाई जिना उतरून आली होती. तिने त्यांना खटका ओढताना पाहिले. तिने प्रिंटरमधून अर्धी लोंबणारी चिठ्ठी पाहिली. दुकानाचे नाव होते, नंबर नव्हता. जेवण झाल्यावर ती सगळ्यांच्या आधी खाली आली, तिने खटका वर केला आणि प्रिंटरसमोर उभी राहिली. माझा दिवा लागला. अर्धी चिठ्ठी पुढे सरकली नाही. तिच्यामागच्या चिठ्ठ्याही आल्या नाहीत. तिने ऑफिसात जाऊन पडदा पाहिला. तिथे सगळ्यांपुढे लिहिले होते, 'पाठवले'.

मास्तर जिना उतरत होते. तिने विचारले, "बाबा, तुम्ही रोज असाच खटका बंद करून यायचात?"

मास्तर कावरेबावरे झाले. पुन्हा काही चुकले असे त्यांना वाटले. "तू हाक मारायचीस ना. हाक मारल्यावर माणसाला ताटकळत ठेवू नये म्हणून लगेच निघायचो."

"आणि प्रिंटर? तो तेव्हा चालू असायचा?"

"शेवटचा हात असला की नाही. काचेचा आवाज ऐकू येत नाही ना."

सूनबाईने त्यांना चाकापाशी नेले. "आता बसा. रोज करायचात तसंच करा." तिने ऑफिसातून एक चिठ्ठी पाठवली. मास्तरांनी प्रिंटर गप्प केला होता. मी आपला शब्द उच्चारला. मग ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथून तिने हाक मारली, "बाबा, जेवायला चला."

मास्तरांनी खटका ओढला. ती खाली आली, तिने खटका वर केला, मास्तरांनी प्रिंटर बोलता केला, दोघांनी वाट पाहिली. काहीच आले नाही.

तोवर मुलगा खाली आला होता. "काय चाललंय तुमचं?"

"बाबा विसरत नव्हते," ती म्हणाली. "चिठ्ठ्या येतच नव्हत्या. मी हाक मारायचे, बाबा खटका ओढायचे, आणि चिठ्ठ्या डबीतच मरायच्या." एवढे बोलून ती काचांच्या खोक्यावर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातानं जात होत्या तर."

"तुमच्या नाही, माझ्या हाकेनं," सूनबाई म्हणाली. "इतक्या वेळा तुम्ही सांगितलंत, मिळाली नाही म्हणून. मी एकदाही उठून आले नाही. तिथूनच पडदा बघत बसले."

मुलगा पुढे झाला, खुंटीवरचा एप्रन काढला आणि वडिलांच्या हातात दिला. चाक नेणाऱ्या माणसाला त्याने त्याच दिवशी फोन करून नाही म्हणून कळवले.

नेटवर्कवाला आला, किल्ल्या खुळखुळवत, पण मान खाली घालून. "टेस्ट पेज येत होतं हो," एवढेच पुन्हापुन्हा म्हणाला. त्याने माझी वायर चाकाच्या बोर्डातून काढली आणि लांब तार ओढून ऑफिसच्या बोर्डात खोचली. नव्या टेबलावरून ती ओबडधोबड वायर आता आडवी जाते. सूनबाई ती झाकत नाही.

"ही डबी मात्र बदला आता," नेटवर्कवाला म्हणाला.

मला वाटले, सुटलो. शिक्षा झाली म्हणजे मन हलके होते. पण मास्तर म्हणाले, "राहू दे. तिला काय ठाऊक, बिचारीला." मित्रांनो, त्या एका वाक्याने मी जेवढा शरमलो तेवढा कचऱ्याच्या पेटीत पडून शरमलो नसतो.

आता सगळे पूर्ववत झाले असे सांगितले तर तो माझा आणखी एक खोटेपणा होईल. मास्तर पुन्हा चाकावर बसतात, काच पुन्हा गुणगुणते. पण चिठ्ठी फाडली की ते आडभिंतीपाशी येतात आणि विचारतात, "ही एकच ना, सूनबाई? दुसरी नव्हती ना?" ती दर वेळी उठते, मागे येते, प्रिंटरपाशी वाकून बघते आणि म्हणते, "एकच, बाबा." जेवायला बोलवायला ती आता जिन्यावरून हाक मारत नाही. खाली येते, चाक थांबेपर्यंत दारात उभी राहते, मग दोघे मिळून वर जातात. त्या मुलीचा वाया गेलेला पेपर मात्र कुणीच परत आणू शकले नाही. तिच्या पुढच्या चष्म्याची काच मास्तरांनी सगळ्यांत आधी घासली.

परवा मास्तर चष्मा शोधत होते. खोके उचलले, बादलीमागे वाकले. चष्मा कपाळावरच होता. सूनबाई आडभिंतीपाशी उभी होती आणि तिचे तोंड बंद होते. हसायचा धीर तिला होत नव्हता. मास्तरांचा हात कपाळाला लागला. ते तसेच थांबले, तिच्याकडे बघत.

"हस की गं," ते म्हणाले. "तू हसलीस म्हणजे मला कळेल, मी बरा आहे."

ती हसली. डोळे पुसत पुसत हसली, आणि मग मास्तरही हसले.

मित्रांनो, माझी भावंडे तुमच्याही घरीदारी असतील. त्यांच्यावरची धूळ पुसत जा, त्यांच्या वायरी कुठल्या बोर्डात आहेत ते एकदा बघून ठेवा. पण एवढ्यासाठी मी ही कहाणी सांगितली नाही. मी अजूनही तसाच आहे. मजकूर हातात पडला की अजूनही लगेच 'मिळाले' म्हणतो, मला तसेच घडवले आहे आणि या वयात माझा स्वभाव बदलायचा नाही. म्हणून माझे ऐकू नका. कधी पडदा एक सांगत असेल आणि घरातले एखादे म्हातारे माणूस दुसरे सांगत असेल, तर बसल्या जागेवरून निकाल देऊ नका. उठा आणि त्याच्यापाशी जाऊन बघा. आमच्या ऑफिसापासून चाकापर्यंत चार पावलांचे अंतर होते. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.